पावतीवर निदानाचे नाव का असते आणि ते मागाहून का बदलता येत नाही
ऑटिझमचे निदान, आरोग्य विमा आणि आमच्या केंद्राच्या पावत्या : पालकांसाठी माहितीपत्रक

दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांची नोंदणी सुरू झाली की आमच्या टेबलापाशी एक विनंती हमखास येते, ती म्हणजे पावतीवर ऑटिझम हा शब्द नको, नुसते स्पीच थेरपी लिहा. ही विनंती करणारे पालक बहुधा आवाज खाली घेऊन बोलतात, कारण शेजारच्या बाकावर दुसरे पालक बसलेले असतात. पुढे फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांच्यापैकीच काही जण घाईघाईने येतात आणि वर्षभराच्या सगळ्या पावत्यांवर ऑटिझम असे स्पष्ट लिहून मागतात, कारण विमा कंपनीने किंवा कार्यालयातील एचआर विभागाने तसे कळवलेले असते. दोन्ही विनंत्यांमागची काळजी आम्हाला समजते. तरीही दोन्हींना आमचे उत्तर नकाराचेच असते, आणि त्या नकाराचे कारण प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावे, यासाठी हे पत्रक आहे. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, म्हणजे काय हे आपण डॉक्टरांकडून ऐकलेले आहे असे धरून पुढचे लिहिले आहे.

निदान आम्ही करत नाही

आमचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट मुलाचे मूल्यमापन करतात, म्हणजे त्याला आज काय जमते, काय जमत नाही आणि कुठून सुरुवात करावी हे ठरवतात. निदान करण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, मग ते विकासात्मक बालरोगतज्ज्ञ असोत, बालमनोविकारतज्ज्ञ असोत किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ असोत. त्यामुळे आमच्या पावतीवर जे निदान छापले जाते ते आमचे मत नसून डॉक्टरांच्या पत्रातील शब्द जसेच्या तसे उतरवलेले असतात. पत्रात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असेल तर पावतीवर तेच येते, आणि पत्रात फक्त ‘वाचाविलंब’ असेल तर आम्हाला वाटले म्हणून त्याचे ऑटिझम होत नाही.

काही पालक मोबाईलवर भरलेल्या एम-चॅट प्रश्नावलीचा कागद घेऊन येतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असलेली ही वीस प्रश्नांची यादी चाळणी म्हणून चांगली आहे; ती भरल्यामुळे अनेक मुले वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. पण चाळणीला निदान समजून कोणतीही विमा कंपनी पैसे देत नाही.

डॉक्टरांच्या पत्रात मुलाचे आधार कार्डावरचे पूर्ण नाव, जन्मतारीख, निदानाचे शब्द, पत्राची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हे तर हवेच; पण खरी अडचण पुढच्या ओळीत येते. बहुतेक पत्रांवर ‘ओटी (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच सुरू करावे’ एवढेच असते. कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा आणि किती महिने, हे लिहिलेले नसेल तर आठवड्यातून तीन वेळा कशासाठी, असा प्रश्न दावा तपासणारा माणूस विचारतो आणि त्याचे विचारणे रास्तही असते. ही एक ओळ डॉक्टरांच्या समोर बसलेले असतानाच मागून घ्यावी. नंतर ती मिळवायची तर नव्याने वेळ घ्यावी लागते, आणि चांगल्या डॉक्टरांची वेळ दीड-दोन महिन्यांनंतरची मिळते.

एका मुलाची तीन निदाने

सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक कशी दिसते, ते एका फायलीवरून सांगतो. मुलाची ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत.

एक आई निळी प्लास्टिकची फाईल घेऊन आली. वडिलांच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात थेरपीसाठी ठरावीक रकमेची तरतूद होती, म्हणजे हाती येणारे पैसे खरे होते. फाईल टेबलावर उघडली तेव्हा जूनच्या कागदावर ‘वाचाविलंब’, ऑक्टोबरच्या दुसऱ्या एका केंद्राच्या पावतीवर ‘वर्तनसमस्या’ आणि जानेवारीच्या डॉक्टरांच्या पत्रावर ‘ऑटिझम’ असे लिहिलेले होते. जूनच्या पावत्या मुलाच्या लाडक्या नावाने फाडलेल्या होत्या, कारण फोनवर नोंदणी करताना आजोबांनी तेच नाव सांगितले होते. दोन पावत्यांवर तर मुलाऐवजी वडिलांचे नाव होते. वर पिनने टोचलेल्या कंपनीच्या पत्रात एकच प्रश्न होता : हे सर्व कागद एकाच रुग्णाचे आहेत काय?

आईचे म्हणणे असे होते की मूल एकच, मग अडचण कसली. पण टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, कर्मचाऱ्यासमोर मूल नसते, कागद असतात, आणि त्या कागदांनुसार ती तीन मुले होती. शिवाय डॉक्टरांचे पत्र जानेवारीचे असल्यामुळे त्याआधीचे सात महिने कोणाच्याही सल्ल्यावाचून गेलेले दिसत होते. त्या सात महिन्यांसाठी आम्ही काही करू शकलो नाही. लाडक्या नावाची चूक मात्र आमच्याकडे झाली होती आणि ती आम्ही मान्य केली. तेव्हापासून आधार कार्ड पाहिल्याशिवाय पहिली पावती फाडायची नाही असा नियम आम्ही केला. काहींना हा नियम जाचक वाटतो, पण ‘बंटी’ किंवा ‘छोटू’ या नावाने जगातली कोणतीही पॉलिसी निघत नाही.

शब्द सौम्य केल्याने काय साधते

पावतीवर ऑटिझम नको असे म्हणण्यामागे दोन भीती असतात. पहिली शाळेची. शाळेला आमची पावती दाखवण्याचे काहीच कारण नसते. शाळेने काही मागितल्यास मुलाला वर्गात कोणती मदत लागेल, त्याला कुठे बसवावे, गोंगाट झाला तर काय करावे, एवढेच सांगणारे स्वतंत्र पत्र आम्ही देतो आणि त्यात निदानाचा उल्लेख पालकांच्या इच्छेनुसार ठेवतो किंवा वगळतो. जे सांगायचे नाही ते गाळणे आणि जे नाही ते लिहिणे यांत फरक आहे, आणि आमची मर्यादा तिथेच आहे.

दुसरी भीती विम्याची असते. निदान कागदावर आले की पुढे पॉलिसी मिळणार नाही, म्हणून आधी ‘वाचाविलंब’ लिहून घ्यावे, पॉलिसी काढावी आणि मग खरे निदान लिहावे, असा सल्ला पालकांना कोणी ना कोणी दिलेला असतो. हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, कारण आधीपासूनचा आजार कशाला म्हणायचे याची व्याख्या शब्दावर नव्हे तर तारखेवर उभी आहे. २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या स्थितीचे निदान झाले किंवा जिच्यासाठी डॉक्टरांनी सल्ला अथवा उपचार दिले, ती आधीपासूनची स्थिती ठरते. मूल बोलत नाही म्हणून डॉक्टरांनी थेरपीचा सल्ला दिला ही नोंद झाली, की त्याला काय नाव दिले याने तारीख पुसली जात नाही. उलट प्रस्ताव अर्जात ती माहिती लपवली असे दिसले, तर उद्या डेंग्यूसाठी किंवा फिट आल्यामुळे मूल भरती झाले तेव्हाही कंपनीला दाव्यावर बोट ठेवता येते. सलग साठ महिने पॉलिसी चालल्यानंतर माहिती दडवल्याचा मुद्दा सहसा काढता येत नाही, परंतु सिद्ध झालेली फसवणूक त्यातून सुटत नाही.

खरे सांगितले तर काय होते? आधीपासूनच्या स्थितीसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या स्थितीचे पैसे न मिळण्याचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचाच ठेवता येतो. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २७ सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जे अपवाद, म्हणजे ‘याचे पैसे मिळणार नाहीत’ अशा अटी, पॉलिसीत टाकता येत नाहीत त्यांची यादी दिली आहे, आणि त्या यादीत मानसिक आजारांबरोबर वर्तन व मेंदूविकासाशी संबंधित विकार तसेच वाचा आणि भाषेचे विकार यांचाही समावेश आहे. दिव्यांग व्यक्तीला विमा नाकारल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये निर्देश दिल्यानंतर, २७ फेब्रुवारी २०२३ रोजी इर्डाने प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीला दिव्यांग व्यक्तींसाठी पॉलिसी उपलब्ध करून देण्यास सांगितले. म्हणून एजंटने ‘अशा मुलांना पॉलिसी देत नाहीत’ असे तोंडी सांगितले, तर तेच कारणासह लेखी मागावे. बऱ्याचदा तेवढ्याने भाषा बदलते.

ज्या घरी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एकच, पॉलिसी आहे आणि मूल तान्हे असल्यापासून तीत आहे, त्या घरी नंतर झालेले निदान आधीपासूनचे धरले जात नाही. अशी पॉलिसी काही हजार रुपये वाचवण्यासाठी खंडित करू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही उठलेला आहे.

मग थेरपीचे पैसे का मिळत नाहीत

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर ऑटिझममध्ये नसून मेडिक्लेमच्या रचनेत आहे. नेहमीचा मेडिक्लेम रुग्णालयात किमान चोवीस तास भरती झालेल्या रुग्णाचा खर्च देतो, त्याला काही ठरावीक डे-केअर, म्हणजे भरती होऊन त्याच दिवशी घरी जाता येते अशा, उपचारांची जोड असते. आमच्याकडची थेरपी पाऊण तासाची असते आणि मूल त्यानंतर घरी जाते, म्हणजे विम्याच्या भाषेत ती ओपीडी, म्हणजे भरतीशिवायचा उपचार, झाली. रुग्णालय कशाला म्हणायचे याचीही पॉलिसीत व्याख्या असते, म्हणजे नोंदणीकृत संस्था किंवा चोवीस तास डॉक्टर, परिचारिका, शस्त्रक्रियागृह आणि ठरावीक खाटा असलेली जागा. आमच्याकडे झोके आहेत, बॉल पूल आहे, एक मोठा आरसा आहे. खाट एकही नाही. त्यामुळे साध्या मेडिक्लेमवर आमच्या पावत्या कितीही व्यवस्थित असल्या तरी दावा मंजूर होत नाही, आणि ही गोष्ट नोंदणीच्या दिवशीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, जरी ती ऐकून एखादे कुटुंब परत फिरले तरी.

यावर उपाय म्हणून मुलाला एक दिवस कुठेतरी भरती दाखवावे, असेही सुचवले जाते. तसे करू नये. प्रामाणिकपणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी सर्व पॉलिसींसाठी इर्डाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांच्या यादीतील चौथा अपवाद मुख्यतः तपासणी आणि मूल्यमापनासाठी झालेल्या भरतीचा आहे आणि पाचवा विश्रांती व पुनर्वसनासाठीच्या भरतीचा. दोन्ही अशा दाव्यावर नेमके लागू होतात. मुलाला फिट येणे, न्यूमोनिया, भूल देऊन करावे लागणारे दातांचे काम अशा खऱ्या भरतींसाठी मात्र मेडिक्लेम अवश्य असावा.

थेरपीचे पैसे प्रत्यक्षात दोन ठिकाणांहून येताना आम्ही पाहतो. पहिले म्हणजे ओपीडीची किंवा थेरपीची वेगळी तरतूद असलेला कंपनीचा सामूहिक विमा; तो आहे की नाही हे एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून पाहावे, तोंडी उत्तरावर विसंबू नये. दुसरे म्हणजे राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला हा न्यास ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी कोणतीही वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे थेरपी व ओपीडीचा खर्च तिच्यात ठरावीक उपमर्यादेपर्यंत धरलेला असतो. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० रुपये आणि इतरांना ५०० रुपये असे ठेवलेले आहे. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परतावा मागायचा, अशी पद्धत आहे. योजनेचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते, पण दाव्याची मुदत उपचाराच्या तारखेपासून मोजली जाते. वर्षभराच्या पावत्यांचा गठ्ठा मार्चमध्ये एकदम पाठवणाऱ्यांचे जुने महिने त्यातच बाद होतात.

निरामयसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागते, आणि तिथेही शब्दांचा घोळ नडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. त्याचे मोजमाप इसा या भारतीय मापनश्रेणीवर होते. तिच्यात ४० बाबी आहेत आणि ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरला जातो. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर करून जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणीस जायचे असते. तिथल्या वैद्यकीय मंडळापुढे वर्षभराच्या ‘वाचाविलंब’ लिहिलेल्या पावत्या ठेवून ऑटिझमचे प्रमाणपत्र मागणे किती अवघड जाते, हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे.

जिल्हा रुग्णालयाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगितले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, थेरपी मोफत मिळते. खर्च झेपत नसेल तर तिथे जरूर जावे. आमच्याकडची काही मुले आठवड्यातून एकदा तिथे आणि एकदा आमच्याकडे येतात, आणि दोन्हीकडच्या थेरपिस्टनी एकमेकांशी फोनवर बोलण्यास आमची कधीच हरकत नसते.

सीएसाठी मागितल्या जाणाऱ्या पावत्या

फेब्रुवारीतील गर्दीपैकी निम्मी गर्दी खरे तर विम्याची नसून आयकराची असते, आणि ती बहुतांशी अनावश्यक असते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीची वजावट खर्चाच्या पै-पैच्या हिशेबावर मिळत नाही. जुनी करप्रणाली निवडलेल्या पालकाला ती सरसकट ७५,००० रुपये, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये मिळते. तिच्यासाठी ऑटिझमच्या बाबतीत फॉर्म १०-आयए हा प्रमाणपत्राचा नमुना लागतो आणि तो बालमेंदूविकारतज्ज्ञांकडून किंवा शासकीय रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनकडून घ्यायचा असतो. आमच्या सहीने तो चालत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून सीएशी बोलताना क्रमांकापेक्षा सवलत कशाची आहे ते सांगावे.

आमची पावती आणि आमचे नियम

आमची पावती दर महिन्याला निघते, मुलाच्या आधारवरील नावाने निघते, आणि तिच्यावर प्रत्येक सत्राची तारीख, थेरपीचा प्रकार, दर, डॉक्टरांच्या पत्राची तारीख आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे. दुसऱ्या कोणत्याही केंद्रात जाणार असाल तरी हे क्रमांक आवर्जून विचारावेत, कारण नोंदणी नसलेल्या माणसाने दिलेल्या थेरपीची पावती म्हणजे नुसता कागद असतो. दर तीन महिन्यांनी आम्ही प्रगती अहवाल देतो. त्याचे वेगळे शुल्क नाही. सामूहिक विम्याचे दावे या अहवालामुळे लवकर निघतात, असा आमचा अनुभव आहे.

‘सहा महिन्यांचे पॅकेज’ अशी एकरकमी पावती आम्ही देत नाही. आगाऊ पैसे भरणाऱ्यांना सवलत मिळते, पण पावती महिन्यावार आणि झालेल्या सत्रांचीच मिळते. मागील तारीख घालून पावती मिळणार नाही. मूल आले नाही त्या दिवसाचे सत्र भरीला घातले जाणार नाही. पहिल्या भेटीची तारीख कोणत्याही कारणासाठी पुढे-मागे होणार नाही. यावरून मध्यंतरी एका पालकांनी आम्हाला माणुसकी नाही असे सुनावले. त्यांना आम्ही एवढेच म्हणालो की एका फायलीत खोटी तारीख सापडली, तर पुढे आमच्या शिक्क्याचा प्रत्येक कागद संशयाने पाहिला जाईल आणि त्याची किंमत बाकीची मुले मोजतील. ते पालक अजूनही आमच्याकडेच येतात.

निदान खरोखरच बदलले, म्हणजे आधी वाचाविलंब वाटले आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ऑटिझम म्हटले, असे लहान मुलांत पुष्कळदा होते आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते. अशा वेळी नव्या पत्राच्या तारखेपासून पावतीवर नवे निदान येते, जुन्या पावत्या जशा आहेत तशाच राहतात, आणि डॉक्टरांकडून ‘आधीचे निदान सुधारून हे निदान केले आहे’ असे एक वाक्य पत्रात लिहून घ्यावे लागते. हे वाक्य असलेल्या फायली आमच्या पाहण्यात अडकलेल्या नाहीत.

दावा नाकारला गेला तर नकाराचे लेखी कारण घेऊन प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लिहावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तेथे सादर करण्यासाठी सत्रांची नोंदवही आणि प्रगती अहवाल यांच्या प्रमाणित प्रती आम्ही देतो.

नव्या पालकांसाठी कागदपत्रांची पहिली बैठक विनामूल्य असते. ती अर्ध्या तासाची असते आणि दर शनिवारी दुपारी ४ ते ६ या वेळेत आधी फोन करून ठरवता येते. येताना मुलाचे आधार कार्ड, डॉक्टरांचे पत्र आणि असलेल्या पॉलिसीची संपूर्ण प्रत आणावी. केवळ विम्याचे प्लास्टिकचे कार्ड आणल्यास त्यावरून अटी समजत नाहीत. हरवलेल्या पावतीची दुसरी प्रत मिळण्यास तीन दिवस लागतात, आणि १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात दहा दिवस.